जोडीदाराला विचार

ते जाडजूड ‘इडियम्स अँड फ्रेजेस’चं पुस्तक आधी मिट बरं. बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांना असले प्रश्न येतात, मान्य. पण ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत घोकत गेलं की काय होतं ते तुला दिसतंच आहे. ‘सी’ला पोचेपर्यंत ‘ए’ पुसलेलं असतं, आणि जे टिकतं तेही बोलताना ऐनवेळी तोंडावर येत नाही. पाठांतरानं परीक्षेचे दोन गुण मिळतील, भाषा नाही मिळणार. (आईला सांगू नकोस मी पुस्तक मिटायला सांगितलं म्हणून. तिला वाटेल, मीच तुला बिघडवतेय.)

त्यापेक्षा मी सांगते तसं कर. एकच शब्द धर, तोही इवलासा. ‘अँड’. तुझ्या पुस्तकाच्या नावातच बसलाय बघ. इंग्रजीत या ‘अँड’च्या दोन बाजूंना दोन शब्द पक्के बसवलेले शेकडो वाक्प्रचार आहेत. ‘सेफ अँड साउंड’, ‘पार्ट अँड पार्सल’, ‘वेअर अँड टेअर’, ‘हार्ड अँड फास्ट’. मधूनच ‘अँड’च्या जागी त्याचा धाकटा भाऊ ‘ऑर’ येतो. या जोड्यांची एक खोड तुला कळली ना, की निम्म्या तर पाठ कराव्याच लागणार नाहीत.

सुरुवात तुझ्या पुण्याच्या खोलीपासूनच करू. आठवड्याभरात एजंट तुझ्यासमोर ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद ठेवेल. 11 महिन्यांचा करार, डिपॉझिट, आधार, अंगठा. सोसायटीच्या सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळे हा शब्द बोलतात. पण एखाद्याला थांबवून विचार, यातलं ‘लीव्ह’ म्हणजे काय रे भाऊ? तो म्हणेल, सोडून जाणं. 11 महिन्यांनी खोली सोडायची ना, म्हणून लीव्ह! ऐकायला छान पटतं, पण तसं नाहीये ते. इथलं ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. जुन्या इंग्रजीतला शब्द. आणि ‘लायसन्स’ म्हणजेही परवानगीच, फक्त तो फ्रेंचमधून, मूळ लॅटिनमधून आलेला. म्हणजे त्या कागदाचं नाव काय झालं? ‘परवानगी आणि परवानगी’. घरमालक तुला राहू देतोय, भाडेकरूचा हक्क देत नाहीये, एवढंच त्या दोन शब्दांना म्हणायचंय. 1882 च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टच्या कलम 52 मध्ये ‘लायसन्स’ची व्याख्या आहे. आणि आपल्या महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की असा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. हे लक्षात ठेव. ‘नोटरी केलं की झालं’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस.

ऑफिसातली ‘लीव्ह’ही हीच हं. कामावर न येण्याची परवानगी, म्हणजे लीव्ह. आपली ‘रजा’ अगदी याच वाटेनं आली आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती. जुनी माणसं निघताना ‘आता रजा द्या’ म्हणतात ना, तिथे तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

आता तुझा पासपोर्ट उघड. पहिल्याच पानावर राष्ट्रपतींच्या नावानं एक विनंती छापलेली असते, की या बाईला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. ‘लेट’ म्हणजे तर जाऊ देणं, मग ‘लेट’शिवाय जाऊ द्या म्हणजे काय? एकदम उलटं वाटतं. पण हा ‘लेट’ वेगळा. जुन्या इंग्रजीत दोन ‘लेट’ होते, एक मुभा देणारा आणि एक अडवणारा. पुढे उच्चार एक झाला आणि अडवणारा बिचारा हळूहळू मेला. उरला तो दोन-तीन ठिकाणी, एक पासपोर्टात आणि एक टेनिसमध्ये. सर्व्हिस जाळीला घासून गेली की पंच ‘लेट’ म्हणतो ना, तो हाच, अडथळ्याचा. पासपोर्टावरच्या हिंदी मजकुरात त्याच जागी ‘बिना रोक-टोक’ आहे. तीही जोडीच!

आता खोड आली का ध्यानात? जोडीतला एक शब्द अनोळखी वाटला, किंवा ओळखीचा असून भलताच अर्थ लागत असेल, तर त्याच्या जोडीदाराला विचार. ‘लीव्ह’चा अर्थ ‘लायसन्स’ सांगतो. ‘लेट’चा अर्थ ‘हिंडरन्स’ सांगतो. ‘सेफ अँड साउंड’मध्ये ‘साउंड’ म्हणजे आवाज असेल कसा? शेजारी ‘सेफ’ बसलाय, म्हणजे हा त्याच घरचा असणार: धडधाकट, शाबूत. (‘साउंड स्लीप’ म्हणतात तोही हाच. त्यात घोरण्याचा काही संबंध नाही.) ‘पार्ट अँड पार्सल’मध्ये पोस्टाचं पार्सल नाही. ‘पार्सल’ म्हणजे मुळात छोटा भाग, फ्रेंचमधून आलेला. जमिनीच्या तुकड्याला इंग्रजी खरेदीखतात आजही ‘पार्सल ऑफ लँड’ म्हणतात. आणि ‘नो हार्ड अँड फास्ट रूल’ म्हणताना ‘फास्ट’ म्हणजे वेगानं असा अर्थ घेतलास तर गोंधळच. शेजारी ‘हार्ड’ आहे. म्हणून ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, हलणार नाही असं. किनाऱ्याला लागून रुतून बसलेल्या जहाजाला खलाशी असं म्हणायचे. आणि साडीच्या दुकानात ‘फास्ट कलर’ म्हणतात ते काय वेगळं आहे? पक्का रंग.

तुझा करार वाचताना आणखी एक जोडी लागेल, तिचा उच्चार आधी नीट कर. ‘वेअर अँड टेअर’. दोन्हींचं यमक जुळतं. ‘टिअर’ म्हटलंस तर डोळ्यातलं पाणी होईल. ‘वेअर’ इथे कपडे घालण्याचं नाही, वापरून झिजण्याचं. करारात ‘नॉर्मल वेअर अँड टेअर एक्सेप्टेड’ असे शब्द आहेत का बघ. आहेत म्हणजे, राहत्या घराची जी झीज राहिल्यामुळे होणारच, ती तुझ्या डिपॉझिटमधून कापायची नाही. भिंतीचा रंग उन्हानं फिका पडला, ही झीज. तू खिळे ठोकून प्लास्टर पाडलंस, ही नव्हे. हे शब्द नसतील तर घालून मागायचे. लाजायचं नाही त्यात.

पण एकाच गोष्टीला दोन शब्द का बरं? इंग्रज माणूस एरवी शब्दांच्या बाबतीत कंजूष. याचं उत्तर 1066 सालापर्यंत मागे जातं. त्या वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबार, जमीनदारी, न्यायालय सगळीकडे फ्रेंच बोलणारे बसले. शेतावरचा माणूस इंग्रजी बोलणारा, न्यायाधीश फ्रेंच बोलणारा आणि दप्तर लॅटिनमध्ये. पुढे 1362 मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत कायदा झाला, की लोकांना फ्रेंच कळत नाही, म्हणून न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा. गंमत म्हणजे तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला! कोर्टाचं सगळं कामकाज इंग्रजीत यायला तर 1733 साल उजाडलं. एवढी शतकं ज्या वकिलांनी दोन-तीन भाषांमध्ये पाय ठेवून कागद लिहिले, त्यांना एकच शब्द लिहून भागेना. म्हणून ‘गुड्स अँड चॅटल्स’: ‘गुड्स’ इंग्रजी, ‘चॅटल्स’ फ्रेंच. (‘चॅटल’ आणि गुरांचं ‘कॅटल’ एकाच मुळातले, म्हणजे त्यांच्याकडेही संपत्ती म्हणजे गुरंढोरंच.) ‘विल अँड टेस्टमेंट’मध्ये ‘विल’ इंग्रजी, ‘टेस्टमेंट’ लॅटिन. घरफोडीला म्हणतात ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’, त्यातलं फोडणं इंग्रजी आणि शिरणं फ्रेंच. आपण रोज पेपरात वाचतो ते ‘लॉ अँड ऑर्डर’ तर आणखी मजेशीर आहे. ‘लॉ’ हा शब्द व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेला, ‘ऑर्डर’ फ्रेंच, आणि दोघं मिळून आता अस्सल इंग्रजी.

सगळ्याच जोड्या अशा दोन भाषांच्या सोयरिकीतून झाल्या असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. ‘लेट’ आणि ‘हिंडरन्स’ दोन्ही इंग्रजीच. ‘नल अँड व्हॉइड’ दोन्ही बाहेरचे. नॉर्मन यायच्या आधीपासूनच इंग्रजीला सारख्या अक्षरानं सुरू होणारे जोडशब्द आवडत होते. आणि वकिलाची जात अशी, की एका शब्दातून पळवाट निघेल की काय या धास्तीनं तो शेजारी दुसरा शब्द उभा करणारच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘कागदपत्र’ म्हणताना आपण काय करतो? कागद फारसीकडून आलेला, पत्र संस्कृत. ‘धनदौलत’मध्ये धन संस्कृत आणि दौलत अरबी. ‘बाजारहाट’मध्ये बाजार फारसी, हाट इथलाच. इकडेही दरबाराची भाषा एक होती आणि रयतेची दुसरी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातले फारसी-अरबी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून. कितीतरी शब्द आले, तरी जोड्या काही फुटल्या नाहीत. आणि ‘नल अँड व्हॉइड’ला आपण काय म्हणतो? रद्दबातल. ‘रद्द’ही अरबी, ‘बातल’ही अरबी, दोघांचा अर्थ जवळपास एकच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 11 मध्ये ‘नल अँड व्हॉइड’ विवाहांची गोष्ट आहे. पुढेमागे कायदा शिकलीस तर भेटेल.

काही जोड्यांमध्ये एक शब्द असा असतो की तो बाहेर कुठे जगतच नाही. आपल्या ‘शेजारीपाजारी’तला पाजारी जसा. एकटा पाजारी कधी कुणाच्या घरी चहाला आलाय का? तसाच इंग्रजीतला ‘किथ’. ‘किथ अँड किन’ ही जोडी सोडली तर तो कुठेच भेटत नाही. ‘किन’ म्हणजे रक्ताचे नातेवाईक, आणि ‘किथ’ म्हणजे ओळखीपाळखीचे, आपल्या गावचे, आपले म्हणावे असे. लग्नपत्रिकेत आपण ‘आप्तेष्ट’ लिहितो ते जवळजवळ हेच. फक्त आपण नातलग आधी घेतो, ते मागून घेतात. ‘सगेसोयरे’ मात्र या जोडीसाठी वापरू नकोस, त्यात दोन्हीकडे नातंच आहे, आणि कोण सगा आणि कोण सोयरा यावर 2024 मध्ये आपल्याकडे केवढा वाद झाला ते तू पाहिलंच आहेस.

‘ह्यू अँड क्राय’ ही माझी आवडती. आपले इंग्रजी पेपर ती उठसूट वापरतात, विरोधकांनी सभागृहात आरडाओरडा केला की ‘ह्यू अँड क्राय’. यातला ‘ह्यू’ रंगाचा नव्हे. जुन्या फ्रेंचमधला ओरडण्याचा शब्द तो. पुन्हा जोडीदारच सांगतो बघ, ‘क्राय’. आणि मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये ती नुसती म्हण नव्हती, कायदा होता. चोरी झाली की ओरडा करायचा, आणि ऐकेल त्यानं हातातलं काम टाकून चोराच्या मागे धावायचं. 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय, शिवाय चोर सापडला नाही तर लुटीची भरपाई त्या मुलखातल्या लोकांनी करायची! पोलीस नावाची गोष्ट नव्हती तेव्हा. म्हणजे आज ज्याला आपण ‘उगाच बोंबाबोंब’ म्हणतो, ती तेव्हा न करणं गुन्हा होता.

‘बेक अँड कॉल’मध्ये ‘बेक’ म्हणजे हातानं किंवा मानेनं केलेली खूण. नुसती खूण केली, हाक मारली, की हजर. असा माणूस कुणाच्या ‘बेक अँड कॉल’वर असतो. तू नव्या ऑफिसात कुणाच्या असू नकोस. ‘टू अँड फ्रो’मधला ‘फ्रो’ म्हणजे ‘फ्रॉम’चाच नॉर्स चुलतभाऊ. इथे जोडीदार अर्थ उलटा सांगतो, एवढंच. ‘रॅक अँड रुइन’, वाताहत, त्यातला ‘रॅक’ फळीचा नाही, फुटलेल्या जहाजाच्या ‘रेक’चा भाऊबंद.

आणि कुठे हा उपाय चालत नाही तेही सांगते, नाहीतर उद्या म्हणशील ताईनं फसवलं. ‘स्पिक अँड स्पॅन’ घे. दोन्ही अनोळखी, कुणाला विचारायचं? ‘स्पॅन’ ही नॉर्समधली लाकडाची ढलपी, ‘स्पिक’ म्हणजे खिळा. नुकत्याच तासलेल्या ढलपीसारखं, नुकत्याच घडवलेल्या खिळ्यासारखं, म्हणजे नवंकोरं. पुढे त्याचा अर्थ चकाचक, टापटीप असा झाला. दुसरी ‘बाय अँड लार्ज’. ऑफिसात ही फार कानावर पडेल, ‘एकंदरीत’ या अर्थानं. ही सतराव्या शतकातल्या शिडाच्या जहाजांची भाषा. वारा समोरून येत असताना जमेल तितकं त्याच्या तोंडाशी जहाज हाकायचं, ते ‘बाय द विंड’. वारा मागून मोकळा मिळाला की ‘लार्ज’. दोन्ही तऱ्हांनी नीट चालतं ते जहाज ‘बाय अँड लार्ज’ चांगलं, म्हणजे सगळ्या परिस्थितीत मिळून. इथे दोघं एका अर्थाचे नाहीत, उलट दोन टोकं आहेत. ‘हाय अँड ड्राय’ही समुद्राचीच. भरती ओसरली आणि जहाज वर कोरड्यावर अडकून पडलं. इंग्रज माणूस अशा वेळी कोरड्यावर सोडतो, आपण वाऱ्यावर सोडतो.

आता क्रम. जोडी कळली तरी ती उलटी म्हटलीस की सगळं मुसळ केरात. ‘बटर अँड ब्रेड’ म्हटलेलं व्याकरणात चूक नाही, पण ऐकणारा दचकेल. याकोव्ह मालकिएल नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1959 मध्ये अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर एक मोठा निबंध लिहिला, तेव्हापासून लोक यामागचे नियम शोधतायत. त्यातला एक सोपा: छोटा शब्द आधी. ‘ब्रेड’ एका झटक्यात होतो, ‘बटर’ला दोन लागतात. ‘लॉ अँड ऑर्डर’, ‘सॉल्ट अँड पेपर’, ‘रफ अँड रेडी’, ‘पार्ट अँड पार्सल’, सगळीकडे तेच. हा नियम वाचला आणि मला हसूच आलं, कारण पाणिनीनं अष्टाध्यायीत द्वंद्व समासासाठी हेच सांगून ठेवलंय: ज्यात स्वर कमी, तो शब्द आधी. नंतरच्या वैयाकरणांनी पुस्ती जोडली, की ज्याचा मान मोठा तो आधी, आणि उदाहरण दिलं ‘मातापितरौ’. आईचा मान मोठा. मराठीत ‘आईवडील’ म्हणतो तेव्हा आपणही तेच करतो.

मानाचं गणित इंग्रजीतही आहे, पण सरळ नाही. सभेत ‘लेडीज अँड जंटलमेन’, घरी आल्यावर ‘हसबंड अँड वाइफ’. मांडवात मात्र ‘ब्राइड अँड ग्रूम’, आपल्या वधूवरांसारखंच. ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ हा तिकडचा नेहमीचा क्रम, म्हणून 11 सप्टेंबर 1893 ला शिकागोत स्वामी विवेकानंदांनी भगिनींना आधी घेतलं ते वेगळं उठून दिसतं. क्रम मोडायचा तर असा, समजून.

तुला खरी अडचण येईल ती जिथे मराठीचा क्रम उलटा आहे तिथे. आपण ‘कमीजास्त’ म्हणतो, ते ‘मोअर ऑर लेस’. आपला ‘ऊनपाऊस’, त्यांचं ‘रेन ऑर शाइन’. त्यांच्याकडे पाऊस आधी येणारच म्हणा. ‘देवाणघेवाण’ आणि ‘गिव्ह अँड टेक’, ‘नफातोटा’ आणि ‘प्रॉफिट अँड लॉस’, ‘खरेदीविक्री’ आणि ‘बाइंग अँड सेलिंग’ मात्र जुळतात. जुळतात ते पाठ करायचे नाहीत, उलटे आहेत तेवढेच वहीत लिही.

एक खास आपल्याकडची चूक. रोज लोणावळ्याहून पुण्याला ‘अपडाऊन करते’ हे मराठी आहे, फर्मास मराठी आहे, रेल्वेच्या अप आणि डाऊन गाड्यांनी दिलेलं. पण इंग्रजीत ‘आय डू अप अँड डाऊन’ म्हटलंस तर समोरच्याला वाटेल, तू जिने चढतेस-उतरतेस. तिथे ‘कम्यूट’ म्हण. तिकीट मागताना ‘रिटर्न’ म्हण.

बोलताना ‘अँड’ गिळायला शिक. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला न्याय देतो, ‘ब्रेड… अँड… बटर’. त्यांच्या तोंडी तो नुसता ‘न्’ उरतो, ‘ब्रेड्‌न्‌बटर’. ‘रॉक एन रोल’, ‘फिश एन चिप्स’ असं पाट्यांवर लिहितात ते काही फॅशन म्हणून नाही, तसंच ऐकू येतं म्हणून. जोडी एका दमात म्हटलीस की आपोआप ओघ येतो. आणि एकजीव झालेल्या जोडीला क्रियापदही एकवचनी लागतं, ‘ब्रेड अँड बटर इज’. परीक्षेत यावर हमखास फसवतात.

काही ठिकाणी ‘अँड’ बेरीज करतच नाही, तेही कानावर असू दे. चहा ‘नाइस अँड हॉट’ आहे म्हणजे चहात दोन गुण आहेत असं नाही. छान गरमागरम आहे. ‘ट्राय अँड कम’ म्हणजे यायचा प्रयत्न कर. बोलायला उत्तम, लेखी परीक्षेत मात्र ‘ट्राय टू कम’च लिही, तपासनीस जुन्या वळणाचा असला तर कशाला उगाच?

लिहिताना माझं मत अगदी कडक आहे. ऑफिसच्या मेलमध्ये जोड्या छाट. ‘इच अँड एव्हरी’ची गरज नाही, ‘एव्हरी’ पुरे. ‘फर्स्ट अँड फोरमोस्ट’ लिहिणाऱ्याकडे बहुधा दुसरा मुद्दा नसतो. ‘पार्ट अँड पार्सल’ तर इतकं वापरून झालंय की मला ते दिसलं की पुढचं वाचावंसंच वाटत नाही. बोलण्यात या जोड्यांना नाद असतो, ऐकायला बरं वाटतं. मेलमध्ये नाद कुणी ऐकत नाही. कायद्याच्या कागदावर मात्र असली छाटाछाट स्वतः करू नकोस. तिथे दोन शब्द एकाच अर्थाचे दिसतात म्हणून एक खोडलास, आणि नेमका त्यावरच पुढे वाद निघाला तर? करारातलं खोडाखोडीचं काम वकिलाचं.

तुला शोधायला कुठे लांब जायला नको. विम्याची पॉलिसी, बँकेचा फॉर्म, क्रिकेटचं इंग्रजी समालोचन, पेपरातला अग्रलेख, यांत जोड्या खच्चून भरलेल्या असतात. दिसली की आधी जोडीदाराला विचार, नाही सांगितलं तर शब्दकोश उघड, तरी नाही कळली तर मला फोन कर. रात्री दहानंतर नको, भाचा उठतो.

आणि मुलाखतीला जाशील तेव्हा यातली एकही जोडी बळेच वाक्यात कोंबू नकोस. समोरच्यानं वापरली आणि तुला न अडखळता कळली, तेवढं त्या दिवशी पुरे.